शांतीच्या मांडीवरची दोन मुलं

शांतीदेवीची वेदी बांधून झाली तेव्हा सगळं रोम एकच बोलत होतं, की त्या भिंतीवरच्या देवीच्या मांडीवर जी दोन मुलं आहेत ती अगदी हाडामांसाची वाटतात. त्या मुलांपायी लिकोन पाथरवटाचं काय झालं हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं नसतं. तो मुलखाचा घुमा. दगड बोलेल पण लिकोन बोलणार नाही, असं आमच्या पाथरवटांच्या गल्लीत म्हणायचे. म्हणून त्याचं हे असं दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतंय.

लिकोन ग्रीकांच्या पारोस बेटावरचा. आठव्या वर्षी विकला गेला आणि नदीकाठी ऑलुस रुब्रेनुसच्या कारखान्यात आला. पहिली पाच वर्षं त्यानं संगमरवर घासण्यापलीकडे काही केलं नाही. मग एक दिवस रुब्रेनुसनं त्याच्या हातात छिन्नी दिली, आणि ती पुन्हा काढून घ्यायची गरज पडली नाही. पस्तिशीत त्याला मोकळं केलं, डोक्यावर सुटलेल्या दासाची लोकरी टोपी चढवली, चार लोकांना वाइन पाजली. दुसऱ्या दिवशी लिकोन त्याच फळीवर, त्याच छिन्नीनं, त्याच मालकासाठी काम करायला बसला. मोकळ्या माणसालाही मालकाचे दिवस भरून द्यावे लागतातच.

रुब्रेनुस वाईट माणूस नव्हता, हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर शिव्या घालून मन हलकं करता आलं असतं. तो चाकरांना पोटभर खायला घालायचा, आजारी माणसाला कामाला लावायचा नाही आणि दिलेला शब्द पाळायचा. शब्द पाळण्याचा तर त्याला इतका अभिमान होता की शब्द देताना तो आधी आजूबाजूला कोण ऐकतंय ते बघायचा.

त्याच्याच घरात अंबाता होती. हिस्पानियाच्या उत्तरेकडच्या डोंगरातली, युद्धात धरून आणलेली. आली तेव्हा बारा वर्षांची होती, लोकर पिंजायच्या कामाला लावली. तिचे डोळे राखी हिरवे, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण पायरीवर अडखळलो असं वाटावं. लिकोनला ती का पसंत पडली हे समजतं. तिला हा घुमा का पसंत पडला ते देवाला ठाऊक. दोघं कारखान्यामागच्या खोलीत राहू लागली. लग्न म्हणावं तर कायद्यात नाही, नाही म्हणावं तर चूल एकच.

तिनं एकदाच त्याला आपल्या गावाचं सांगितलं होतं. रोमचे सैनिक खोऱ्यात उतरले तेव्हा डोंगरावरच्या बायकांनी आपापली मुलं आपल्याच हातानं मारली, ती सैनिकांच्या हाती लागू नयेत म्हणून. तिच्या आईनं धाकट्या भावाला मारलं. मग ती हिच्याकडे वळली, पण तेवढ्यात सैनिक आले.

"मी शेळ्यांमागे लपले होते," अंबाता म्हणाली. "आईला घाबरून."

 लिकोननं तिच्या वाटीत आपल्या वाटणीचे हरभरे ओतले.

मग वेदीचं काम आलं. ऑगस्टस हिस्पानिया आणि गॉल शांत करून परतले, म्हणून सेनेटनं शांतीची वेदी ठरवली. काम पुष्कळ कारखान्यांत वाटून दिलेलं. कुणाकडे मोठ्या लोकांची मिरवणूक, कुणाकडे खालचा वेलबुट्टा. रुब्रेनुसकडे मागच्या दाराच्या दोन्ही बाजूंच्या शिळा आल्या. एका शिळेवर हत्यारांच्या ढिगावर बसलेली रोम नगरीची देवी रोमा, दुसरीवर मांडीवर दोन मुलं आणि फळं घेऊन बसलेली आई, तिच्या पायाशी गाय आणि मेंढी. या बाईला कुणी शांती म्हणे, कुणी धरणीमाता. रुब्रेनुस म्हणाला, "नाव काहीही असो, बघणाऱ्याला कळलं पाहिजे की आता भरपूर आहे."

आईची शिळा लिकोनला मिळाली. समोर बसायला बाई हवी. रुब्रेनुसनं लोकर पिंजणाऱ्या बायकांवरून नजर फिरवली आणि अंबाताला उठवलं.

तिच्या मांडीवर वाळू भरलेली दोन गाठोडी ठेवली. शेजारी म्हातारा त्रुफोन फुलाफळांचे हार आणि बैलांच्या कवट्या कोरायचा. तो हसून लोटपोट.

"वाळूची पोरं," तो म्हणाला. "रडत नाहीत, हगत नाहीत, खायला मागत नाहीत. लिकोन्या, असलीच चार काढ आणि सुखात राहा."

"तुझ्या हाराचं बघ आधी," अंबाता म्हणाली. "द्राक्षं, अंजीर, डाळिंब, गहू, सगळं एका दोरीला. कुठल्या महिन्यात पिकतं रे हे सगळं?"

"शांतीच्या महिन्यात."

"आणि मधे कवट्या कशाला?"

"अगं, बैल कापल्याशिवाय शांती कशी होणार?" त्रुफोन म्हणाला, आणि पुन्हा गिरमिटाची दोरी ओढू लागला.

ती नुसती बसून राहणारी नव्हतीच. गाय अशी बसत नाही, पुढचा पाय आत मुडपते, म्हणून लिकोनला दोन दिवसांचं काम तासून काढायला लावलं. दुसऱ्या शिळेवर रोमाच्या बुडाखाली हत्यारांचा ढीग होता, त्यात एक लहान गोल ढाल होती. तीही तिनं बघितली. "पट्टा चुकलाय," ती म्हणाली. "आमच्याकडे असा आडवा बांधतात." आणि तिनं तो कसा बांधतात ते आपल्या कमरेच्या दोरीनं करून दाखवलं. ज्या ढिगावर रोमा बसली होती त्यातला पट्टा तेवढा बिनचूक झाला.

रुब्रेनुस शिळा बघायला आला आणि खूष झाला. कारखान्यातली सगळी माणसं हातातलं काम थांबवून उभी होती. त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "ज्या दिवशी ही वेदी देवीला वाहिली जाईल, त्या दिवशी मी हिला मोकळी करीन."

तेव्हा तिच्या मांडीवर वाळूच होती. दोन वर्षांनी, वेदीचा दिवस ठरला त्याच सुमाराला, अंबाताला दिवस गेल्याचं कळलं.

आता कायदा सरळ आहे. पोर आईच्या मागे जातं. जन्माच्या घडीला आई मोकळी असेल तर पोर जन्माचं मोकळं, त्याला टोपीही लागत नाही आणि मालकही नाही. आई दासी असेल तर पोर मालकाचं, मग बाप कितीही मोकळा असो. लिकोननं आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. आता त्याला एकच हवं होतं, पोर यायच्या आधी तिला न्यायाधीशासमोर उभी करायची. चार मित्रांसमोर मालकानं 'जा, मोकळी' म्हटलं तर तो नुसता वारा. खरं मोकळं व्हायला न्यायालयाची काठी लागते, न्यायाधीशाचे शब्द लागतात.

वेदीचा दिवस ठरला होता तीस जानेवारी. सुईण म्हणाली होती, मार्च. लिकोन बोटांवर मोजायचा आणि त्याला बरं वाटायचं. कारखान्याच्या भिंतीवर वर्षाचे सगळे दिवस रंगवलेले होते. न्यायाधीशाला ज्या दिवशी तोंड उघडता येतं त्या उघड्या दिवसांपुढे एक अक्षर, आणि ज्या दिवशी तोंड उघडलं तर पाप लागतं त्या मुक्या दिवसांपुढे दुसरं. तीस जानेवारीपुढे उघड्या दिवसाचं अक्षर होतं. तो रोज सकाळी जाऊन ते बघायचा. अक्षर कुठे पळून जाणार होतं थोडंच, पण बघायचा.

डिसेंबरात सातर्नालियाचा सण आला. त्या दिवसांत मालक चाकरांना वाढतात आणि चाकर मालकांना नावानं हाक मारतात. रुब्रेनुस डोक्यावर टोपी घालून सगळ्यांच्या ताटात सॉसेज वाढत फिरत होता. त्याच आठवड्यात सुईणीनं अंबाताच्या पोटाला कान लावून सांगितलं होतं की आत दोन आहेत.

"काय लिकोन, अजून एक घे," रुब्रेनुस म्हणाला. "आणि आज मालक नाही म्हणायचं. ऑलुस म्हण."

"ऑलुस," लिकोन म्हणाला, आणि घसा खाकरला. "तिला आत्ताच मोकळी करा. जानेवारीच्या मधे पुष्कळ उघडे दिवस आहेत."

"अरे, तीस तारीख ठरलीय ना?"

"जुळं आहे. जुळी वेळेची वाट बघत नाहीत."

रुब्रेनुस त्याच्या शेजारी बाकावर बसला. त्याला खरंच समजावून सांगायचं होतं. "हे बघ. तीस जानेवारी. ऑगस्टसच्या बाईंचा वाढदिवस. शांतीचा दिवस. त्या दिवशी माझ्या घरातली एक बाई मोकळी होते, ती पण कुठली, हिस्पानियाची. उद्या कुणी विचारलं, रुब्रेनुसा, तू शांतीसाठी काय केलंस, तर मी नुसते दगड दाखवू? आणि तिचंही बघ की. आयुष्यभर सांगेल, मी शांतीच्या दिवशी मोकळी झाले. असा मुहूर्त कुणाला मिळतो?"

"पण पोरं आधी आली तर?"

"मार्च म्हणालास ना? मग जानेवारीत कशाला येतील? सणाच्या दिवशी तोंड वाकडं करू नये. खा."

लिकोननं खाल्लं. दुसरं काय करणार होता?

घरी अंबाता म्हणाली, "बोललास का?"

"बोललो."

"काय म्हणाला?"

"मुहूर्त चांगला आहे म्हणाला."

"चांगलाच आहे," ती म्हणाली. "त्याचा."

एकोणतीस जानेवारीला दुपारी लिकोन वेदीच्या परांचीवर उभा होता. शिळा बसवून रंगवून झाल्या होत्या, तो मुलांच्या ओठांवर शेवटचा लाल हात फिरवत होता. खालून दवंडीवाला ओरडत गेला, की उद्याचा दिवस देवीचा, सर्वांना सुट्टी, न्यायालय बंद, आणि दर वर्षी बंद. भिंतीवरचं अक्षर सहा वर्षांपूर्वी रंगवलेलं. त्या बिचाऱ्या अक्षराला काय ठाऊक की कुणी वेदी बांधणार आहे आणि त्या दिवसाचा सण होणार आहे? आणि दोन वर्षं वेदीवर काम करणाऱ्या या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की देवीचा दिवस म्हटला की न्यायाधीशाचं तोंड बंद. मुहूर्त बघणाऱ्यांचं असंच होतं.

तो हातात रंगाची वाटी घेऊन तसाच धावत सुटला. रुब्रेनुस स्नानगृहात तेल चोळून घेत पडला होता.

"आत्ता?" रुब्रेनुस म्हणाला. "न्यायाधीश केव्हाच उठले असतील. मला तरी कुठे ठाऊक होतं? परवा जाऊ. एकतीस उघडीच आहे. शांतीच्या दुसऱ्या दिवशी, तेही काही वाईट नाही."

एकतीस उघडी होती हे खरं. पण एकतीसनंतर फेब्रुवारी लागतो, आणि फेब्रुवारी हा मेलेल्यांचा महिना. पहिल्या तारखेपासून सतरापर्यंत न्यायाधीशाला तोंड उघडता येत नाही. हे लिकोनला पाठ होतं. त्या रात्री तो जेवला नाही.

तीस तारखेला बैल कापले, धूर झाला, बासऱ्या वाजल्या. अंबाता बायकांच्या मागे पोट धरून उभी होती. सगळं आटोपल्यावर गर्दी पांगली तशी ती शिळेखाली आली आणि मान वर करून बघत राहिली.

"मी अशी दिसते?"

"तेव्हा दिसायचीस," लिकोन म्हणाला.

"कशी निवांत बसलीय बघ," ती म्हणाली. "तिला उठून कुठे जायचं नाही." मग ती पलीकडच्या शिळेकडे गेली. रोमाच्या खालच्या ढिगाकडे थोडा वेळ बघून म्हणाली, "पट्टा छान आलाय."

एकतीसला सकाळी तिला पांढरं लोकरी वस्त्र नेसवलं. तिला चालायला जड जात होतं, म्हणून त्रुफोननं शेजाऱ्याचं गाढव आणलं होतं. रुब्रेनुस पांढरा झगा नीट चोपून बाहेर निघाला. दारात दहा माणसं जमलेली. त्यानं डावा पाय उंबऱ्यावरून टाकला आणि त्याला ठेच लागली.

 उंबऱ्यात ठेच म्हणजे काय ते रोममधल्या शेंबड्या पोरालाही कळतं. रुब्रेनुसनं पाय मागे घेतला.

"मालक," लिकोन म्हणाला. "काही झालं नाही. बाहेर या. मी उंबऱ्यावर पाणी शिंपडतो, वाइन ओततो, पुन्हा निघू."

"तुला काय?" रुब्रेनुस म्हणाला. "तुम्ही ग्रीक लोक उंबऱ्याला दगड समजता."

"मालक, उद्यापासून मुके दिवस आहेत. तिला आठवा लागलाय."

"म्हणून तर. अपशकुन घेऊन गेलो तर वाईट कुणाचं होणार, माझं की तिचं? मी तिच्याचसाठी थांबतोय, लिकोन. सतरा दिवसांचा प्रश्न आहे."

लिकोननं त्याचे पाय धरले. पाथरवटांच्या सगळ्या गल्लीनं ते पाहिलं. रुब्रेनुस अवघडला, त्याला उठवायला वाकला, पण उंबऱ्याच्या आतूनच. मग दार लागलं.

पुढे पुष्कळ लोक म्हणाले की ठेच मुद्दाम लागली, दोन पोरं फुकट मिळत असतील तर कुणाला ठेच लागणार नाही? मला नाही तसं वाटत. ठेच खरीच लागली असेल. असल्या माणसांना मुद्दाम काही करावंच लागत नाही, त्यांच्या वाटणीचं काम उंबरेसुद्धा करतात.

त्रुफोननं गाढव परत नेलं. जाताना अंबाताला म्हणाला, "पोरी, पाय वर करून पड. खोकूसुद्धा नकोस. सतरा दिवस पोटातल्यांना अंड्यांसारखं जप."

"कोंबडीला सांग बाबा, मला काय सांगतोस," ती म्हणाली. पण तिनं पाय वर केले.

नऊ दिवस गेले. लिकोन तिला उचलून मोरीपर्यंत न्यायचा. भिंतीवरची अक्षरं बघायचं त्यानं सोडलं. नऊ फेब्रुवारीला पहाटे तिचं पाणी गेलं.

सुईण आली. अंबातानं गुडघे एकमेकांना बांधून घेतले होते, लोकरीच्या दोरीनं. सुईणीला ती दोरी कापावी लागली. "अगं वेडे, असं कुणी थांबवतं का?" सुईण म्हणाली. अंबाता ओरडली नाही. प्रत्येक कळेला ती एकच म्हणत होती, "नऊ दिवस. फक्त नऊ दिवस द्या." कुणाला म्हणत होती कोण जाणे. दुपारपर्यंत एक मुलगा आणि एक मुलगी झाली.

आठव्या महिन्याची पोरं जगत नाहीत असं म्हणतात. ही जगली. तिथेही नशिबानं दगा दिला, असं मी म्हणायला नको, पण म्हणतो.

रीतीप्रमाणे सुईणीनं दोघांना जमिनीवर ठेवलं. जमिनीवरून मूल उचलायचं ते बापानं, म्हणजे ते घरात आलं. लिकोन दोन पावलं पुढे झाला आणि थांबला. त्याला उचलायचा हक्क नव्हता. पोरं गार फरशीवर हातपाय हलवत होती आणि सगळे रुब्रेनुसची वाट बघत होते. तो आला, वाकून बघितलं, त्याचा चेहरा खरंच फुलला.

"अरे, हुबेहूब," तो म्हणाला. "दोन्ही शिळेवरचीच. उचला, उचला, थंडी वाजेल त्यांना."

नावंही त्यानंच ठेवली. मुलगा पाकातुस, मुलगी पाकाता. म्हणजे शांत केलेला आणि शांत केलेली. अंबातानं ते ऐकलं आणि तिला हसू आलं, ते थांबेचना.

"आमचं खोरं जाळून झाल्यावर सैनिकांचा म्होरक्या हेच म्हणाला होता," ती म्हणाली. "पाकाता. मला तेव्हा अर्थ कळत नव्हता."

लिकोन रुब्रेनुसकडे गेला. पोरांना पण मोकळं करा म्हणाला. रुब्रेनुसनं त्याला जवळ बसवलं. "मी शब्द कुणाचा दिला होता? तिचा. तो पाळणार. पोरांचा शब्द मी दिलेला नाही. आणि शांतीच्या मांडीवरची दोन पोरं माझ्या घरात जन्माला आली, हे देवीनं मला दिलंय. देवीनं दिलेलं परत करायचं?"

अठरा फेब्रुवारी उजाडली. दिवस उघडा. या वेळी रुब्रेनुस उंबरा जपून ओलांडून आला, उजवा पाय आधी.

"बैल गेला अन् झोपा केला," त्रुफोन दारात पुटपुटला. त्यानं या वेळी गाढव आणलं नव्हतं.

अंबाता खोलीतून निघेना. दोघांना छातीशी घेऊन बसली होती. "मला नाही जायचं," ती लिकोनला म्हणाली. "दासी राहिले तर या घरात राहीन. पोरांजवळ राहीन. त्याला सांग, नको म्हणावं."

लिकोननं सांगितलं. रुब्रेनुस चकित झाला, मग दुखावला गेला, आणि खोलीच्या दाराशी येऊन तिला म्हणाला, "मी दिलेला शब्द मोडू म्हणतेस? दोन वर्षं सगळी गल्ली ऐकतेय. लोक काय म्हणतील, पोरं मिळाल्यावर रुब्रेनुस फिरला? चल."

आणि ती गेली. मोकळं होणाऱ्याला विचारायची रीत नाही. चौकात न्यायाधीश बसले होते. एका माणसानं तिच्या खांद्याला काठी लावली आणि ही बाई मोकळी आहे असं म्हणाला. रुब्रेनुसनं रीतीप्रमाणे तिचा हात धरून तिला गर्रकन फिरवली आणि हात सोडला. नऊ दिवसांची बाळंतीण, ती भेलकांडली. तिच्या पांढऱ्या वस्त्रावर छातीपाशी दुधाचे दोन ओले डाग पसरत होते.

"मला नको," ती मोठ्यानं म्हणाली. "मला मोकळं व्हायचं नाही."

चौकात हशा पिकला. न्यायाधीशही हसले. "घाबरली बिचारी," ते म्हणाले, आणि तीन शब्द उच्चारले. झालं.

घरी आल्यावर तिला कळलं की पोरं तिबूरकडच्या शेतावर चाललीत. रुब्रेनुसच्या घरातली सगळी तान्ही पोरं तिकडेच वाढायची. तिथे एक दाई ठरवली होती.

"मी पाजते ना," अंबाता म्हणाली. "मला काही देऊ नका. मी शेतावर राहीन. गोठ्यात राहीन."

"छे छे," रुब्रेनुस म्हणाला. "तू आता रोमची मोकळी बाई. माझं नाव लावतेस. तुला मी गोठ्यात दाई म्हणून ठेवू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

गाडी निघाली. अंबाता गाडीमागून चालत गेली, शहराच्या वेशीपर्यंत, मग वेशीबाहेर पहिल्या मैलाच्या दगडापर्यंत. लिकोन तिच्या मागे. गाडीतल्या दाईनं दोन्ही पोरांना टोपलीत निजवलं होतं. मैलाच्या दगडापाशी अंबाता बसली, कारण तिचे पाय चालेनात. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. तिनं रडावं म्हणून लिकोन वाट बघत उभा होता. ती रडली नाही.

"माझी आई शहाणी होती," ती म्हणाली. "मी नऊ दिवस त्यांना मांडीवर घेऊन बसले आणि मला नाही जमलं."

लिकोननं तिला उठवलं आणि घरी आणलं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. मुलगी पहिल्याच उन्हाळ्यात शेतावर तापानं गेली, हे त्यांना चार महिन्यांनी कळलं. शेतावर आईबापांना कधी येऊ दिलं नाही, मुलं बिथरतात म्हणे. मुलगा नऊ वर्षांचा असताना रुब्रेनुस वारला आणि शेत विकलं गेलं, वर काय आणि कोण आहे त्यासकट. विकत घेणारा दक्षिणेकडचा होता एवढंच समजलं. लिकोन सहा महिने बंदरावरच्या गोदामांतून विचारत फिरला. नऊ वर्षांचा पाकातुस म्हटलं की लोक हसायचे. त्या नावाची शंभर पोरं होती. अंबाता त्यानंतर दोन हिवाळे जगली. पुन्हा तिनं वेदीच्या मैदानात पाऊल टाकलं नाही आणि पुन्हा तिला दिवस गेले नाहीत.

लिकोन मात्र दर वर्षी जायचा. तीस जानेवारीच्या आधी वेदीचे रंग ताजे करावे लागतात, आणि त्या शिळेचे रंग त्यालाच ठाऊक. तो शिडी लावायचा, पावसानं उतरलेला गहू पिवळा करायचा, आईचं वस्त्र निळं करायचा, पोरांचे ओठ लाल करायचा. त्या पोरांचे डोळे तो पाटीसारखे राखी रंगवायचा. नऊ दिवसांच्या पोरांचे डोळे असेच असतात, मग काही महिन्यांत त्यांचा रंग ठरतो.

म्हातारपणी एका वर्षी देखरेखीला नवा माणूस आला. खाली उभा राहून तो बघत होता.

"ए बाबा," तो म्हणाला. "पोरांचे डोळे असे मेल्यासारखे का केलेस? दरवर्षी असेच करतोस का?"

"हो."

"अरे, शांतीची पोरं ती. चांगली धष्टपुष्ट, वर्षाची तरी असतील. त्यांचे डोळे आतापर्यंत ठरले नसतील होय? आईसारखे कर, नाहीतर बापासारखे कर. पण काहीतरी कर."

 शिडीवर लिकोनजवळ दोन्ही वाट्या होत्या, अंबाताच्या डोळ्यांची हिरवी आणि त्याच्या स्वतःच्या डोळ्यांची तपकिरी. मुलीच्या डोळ्यांना त्यानं हात लावला नाही, ते राखीच ठेवले. मुलाच्या डोळ्यांपाशी कुंचला नेला आणि मागे घेतला.

"कर ना रे," खालून तो माणूस म्हणाला.

"कुठले झाले ते मला ठाऊक नाही," लिकोन म्हणाला.

खालच्या माणसाला काही कळलं नाही. त्याला सणाआधी काम उरकायचं होतं. "तपकिरी कर," तो म्हणाला, आणि लिकोननं तपकिरी केले.